नावाआधीचं कै.

येवला
१० नोव्हेंबर २०२५

चि. शेखर,

पाकीट बघून दचकू नकोस, इथे सगळे बरे आहेत. तुझी वेदिकाही बरी आहे. फोनवर तू "हो, बरं, ठेवू का" याच्यापुढे जात नाहीस, म्हणून लिहायला बसले. शिवाय आमच्या विणकर संस्थेचे चेअरमन केरूभाऊ यांना सगळं लेखी लागतं. व्हॉट्सॲपवर आलेलं फायलीला लावता येत नाही म्हणतात.

काम सांगते. कुसाबाई दिवाळीच्या तोंडावर गेल्या. पूजाची डाळिंबी पैठणी त्यांच्याच मागावरची, तुला आठवत असेल. आमच्या संगणकात ॲक्सेस म्हणतात त्यात विणकरांची एक यादी आहे आणि साड्यांची दुसरी. साडी विकली की ती विणणाऱ्याचं नाव छापलेलं कार्ड गिऱ्हाइकाला देतो. कुसाबाई गेल्या आणि त्यांचं नाव यादीत इतरांसारखंच राहिलेलं मला बघवेना. गेलेल्या माणसाचं नाव नुसतं कसं लिहायचं? म्हणून मी विणकरांच्या यादीत त्यांच्या नावाआधी "कै." टाइप केलं.

पुढच्याच आठवड्यात देवळाली कॅम्पहून एक बाई आल्या, नवरा मिलिटरीत. मुलीच्या लग्नासाठी त्यांना कुसाबाईंची मोरपंखी साडी पसंत पडली. कार्ड छापलं, तर विणकराची जागा कोरी. बाई म्हणाल्या, "नावच नाही, मग ही हातमागाची कशावरून?" साडी ठेवून गेल्या. कुसाबाईंच्या जेवढ्या साड्या कपाटात आहेत, सगळ्यांची कार्डं आता तशीच येतात.

वेदिका म्हणते, दोन्ही याद्या नावाने जोडल्या आहेत. मी एकीकडे नाव बदललं, दुसरीकडे ते जुनंच राहिलं, त्यामुळे संगणकाला त्या दोन वेगळ्या बाया वाटतात. "कै. काढू का, आत्या?" म्हणाली. माझ्याने हो म्हणवलं नाही.

आता केरूभाऊंनी ठरवलंय की नवीनच डेटाबेस घ्यायचा. त्यांचा पुतण्या एक नाव सांगतो, संगणकाचा दुकानदार दुसरं. तू इतकी वर्षं गंगापूर रोडच्या ऑफिसात हेच करतोस. कोणता कशासाठी चांगला आणि आमच्यासारख्यांनी कोणता घ्यावा, ते तुझ्या सहीने लिहून पाठव.

आणि एक. पूजा जाऊन तीन महिने होत नाहीत तोच तू दारावरची पाटी बदललीस. पोरगी शेवटचा पेपर देऊन घरी आली, तर पाटीवरून आईचं नाव गेलेलं, उरली तुमची दोघांचीच. बॅग भरून माझ्याकडे आली ती आजपर्यंत. ती कधी परत जाणार हे मी तिला विचारत नाही. तू मला विचारत नाहीस. मी मोठी बहीण आहे, चुलत असले तरी, म्हणून हे लिहिलं. राग मानू नकोस.

तुझी
सगुणाआक्का


नाशिक
१६ नोव्हेंबर २०२५

ति. आक्का,

पत्र मिळालं. कुसाबाईंचं कळून वाईट वाटलं. विचारलेलं खाली लिहितो. मीटिंगमध्ये वाचायचं असल्याने सोपं लिहिण्याचा प्रयत्न केला आहे.

तुमचा सध्याचा डेटाबेस ॲक्सेसमधला आहे. एक संगणक, एक-दोन माणसं, एवढ्या कामाला तो ठीक असतो. याद्या नावाने जोडल्या, त्यात ॲक्सेसचा दोष नाही. ज्याने बसवून दिलं त्याने तशी जोडणी केली. याद्यांमधलं नातं सांभाळायचा नियमही त्याने चालू केलेला दिसत नाही.

ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर मोठ्या कंपन्यांत चालतात. आमच्या ऑफिसात दुसरा आहे. दोन्ही भक्कम आहेत, पण पूर्ण आवृत्तीला लायसन्स लागतं आणि सांभाळायला जाणता माणूस लागतो. छोट्या फुकट आवृत्त्याही मिळतात. तरी संस्थेच्या कामाला हा पसारा मला जास्त वाटतो.

एसक्यूलाइट म्हणजे एकच फाइल. सर्व्हर नको, काही नको. मात्र एका वेळी एकालाच त्यात लिहिता येतं, दुसऱ्याने थांबायचं. नाती तपासायचा नियमही आपण आठवणीने चालू करावा लागतो. दुकानात आणि ऑफिसात दोन्हीकडे नोंदी करायच्या असतील तर मी तो सुचवणार नाही.

राहिले मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस. दोन्ही फुकट मिळतात आणि दोन्हींवर मोठे व्यवसाय चालतात. मायएसक्यूएल येणारी माणसं नाशिकमध्ये सहज सापडतात, वेबसाइटवाल्यांना तो सवयीचा असतो. पोस्टग्रेस जरा कडक शिस्तीचा आहे. चुकीची नोंद घ्यायला कुरकुर करतो, आणि पुढे तेच फायद्याचं ठरतं. मी पोस्टग्रेस घ्यावा असं सुचवतो.

डेटाबेस कोणताही घेतला तरी एक गोष्ट ठरवावी लागते. विणकराची नोंद काढली तर त्याच्या साड्यांच्या नोंदींचं काय करायचं? तीन नियम असतात. पहिला, साड्या असतील तर विणकराची नोंद काढूच द्यायची नाही. दुसरा, विणकराबरोबर साड्यांच्या नोंदीही जाऊ द्यायच्या. तिसरा, साड्या ठेवायच्या आणि विणकराचा रकाना रिकामा करायचा.

कुसाबाई आता विणणार नाहीत. त्यांची नोंद काढून टाकावी आणि तिसरा नियम लावावा. रकाना रिकामा असेल तिथे कार्डावर फक्त संस्थेचं नाव छापावं. काम अडणार नाही आणि कोणी विचारणार नाही.

वेदिकाला सांग, कॉलेजातून तिचं पत्र आलं आहे, मार्कशीट न्यायला बोलावलंय. पत्र टेबलाच्या खणात ठेवलं आहे.

तुझा
शेखर


येवला
२४ नोव्हेंबर २०२५

चि. शेखर,

तुझं पत्र मीटिंगमध्ये वाचलं. केरूभाऊंच्या सांगण्यावरून वेदिकाच उभी राहून वाचत होती.

पहिलं पान बरं गेलं. केरूभाऊ ओरॅकलवर अडून बसले होते. म्हणाले, "नाव कसं भारदस्त हाय. हे पोस्टग्रेस म्हणजे टपाल खात्याचं वाटतं." विणणाऱ्या बायकांतली बायडाबाई म्हणाली, "नाव बघून घ्यायचं आसंल तर तुमालाच काढून टाका आन् एखादा भारदस्त चेअरमन आना." सगळे हसले. वेदिकाही हसली. बऱ्याच दिवसांनी तिला हसताना बघितलं.

मग तो कुसाबाईंचा मजकूर आला. "नोंद काढून टाकावी." तिथपर्यंत वाचलं तिने. "कोणी विचारणार नाही" हेही वाचलं, अगदी सरळ आवाजात. मग कागद माझ्या हातात दिला आणि चपला न घालता बाहेर गेली.

कुसाबाईंची सून पायल तिथेच बसली होती. सासूच्या मागावर अर्धी राहिलेली साडी ती आता पुरी करते आहे. ती एवढंच म्हणाली, "आत्याबाईंनी डोळे फुटेस्तोवर विणलं, आन् कार्डावर संस्थेचं नाव?" मग बायडाबाई म्हणाली, "शेखर लय लिहितो, पन त्याला कुनी विचारलेलं सोसत नाय असं दिसतंय."

शेखर, तू वाईट माणूस नाहीस हे मला माहीत आहे. लहानपणीही कुणी रडलं की तू पहिल्यांदा खोलीतल्या खुर्च्या सरळ करायचास. पण पोरीला हे कसं कळणार?

अजून एक सांगते. तुझा सल्ला घ्यायची कल्पना माझी नाही. वेदिकाची आहे. तिने या सगळ्याची माहिती आधीच काढली होती, तिचंही मत पोस्टग्रेसच होतं. केरूभाऊ म्हणाले, पोरीच्या शब्दावर कसं चालायचं, कुणा जाणत्याचं लेखी आणा. तेव्हा ती म्हणाली, "माझ्या बाबांचं आणा. त्यांना यातलं सगळं कळतं."

तुझं उत्तर आलं नाही तरी चालेल असं मी म्हणणार नाही.

सगुणाआक्का


नाशिक
१४ डिसेंबर २०२५

ति. आक्का,

उत्तराला उशीर झाला. दोन-तीनदा लिहून फाडलं.

आधी संस्थेचं. मागच्या पत्रातला कुसाबाईंबद्दलचा सल्ला मी मागे घेतो. तो चुकीचा होता. पायल आणि इतर बायकांना माझ्या वतीने क्षमा माग. पायलला वेगळं पत्र लिहावं का, हे कळत नाही. तू सांग.

बरोबर पद्धत अशी. प्रत्येक विणकराला एक क्रमांक द्यायचा आणि साड्या नावाला न जोडता क्रमांकाला जोडायच्या. नावं बदलतात. लग्नाने बदलतात, कुणी ह्रस्व-दीर्घ वेगळं लिहितं, कुणी आधी कै. लावतं. क्रमांक माणूस असताना जो, तोच नसतानाही. तू कै. लिहिलंस त्यात तुझी चूक नव्हती. नाव आदराने लिहायची मुभा त्या यादीत असायला हवी होती. नियम पहिला लावावा, नोंद काढू न देणारा. हे मला तेव्हाही माहीत होतं. आमच्या ऑफिसात मी कायम पहिलाच लावतो. तुम्हाला तिसरा का सुचवला, याचं उत्तर मला उशिरा सापडलं, आणि ते संस्थेच्या कामातलं नाही.

पाटीबद्दल तू लिहिलं होतंस, मी काहीच लिहिलं नाही. पूजा गेल्यानंतर बेल वाजली की मीच दार उघडायचो. पाण्याच्या फिल्टरवाला, सोसायटीची वर्गणी मागणारे, कुरिअरवाला. पाटीवरचं नाव वाचून विचारायचे, "पूजा मॅडम आहेत का?" मला दर वेळी ते वाक्य बोलावं लागायचं. समोरचा माणूस ओशाळायचा, मग मीच त्याला "असू दे, असू दे" म्हणायचो. एक दिवस सुटी घेतली आणि पाटी बदलून टाकली. गॅसचं, बँकेचं, रेशनकार्डाचं काम जसं केलं, तसंच हेही एक काम म्हणून केलं. वेदिका त्याच दाराने घरात येते हे माझ्या लक्षात आलं नाही. हे खरं आहे, आणि हेच जास्त वाईट आहे.

तिला हे सांगावं की नाही, ते तू ठरव.

शेखर


येवला
२२ डिसेंबर २०२५

बाबा,

आत्याने तुमचं पत्र मला वाचायला दिलं. तिने ठरवलं नाही, नुसतं माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलं.

पोस्टग्रेस बसवला. विणकरांना क्रमांक दिले. केरूभाऊंना पहिला क्रमांक हवा होता, पण ते विणत नाहीत. दोन दिवस रुसले होते. मी पहिला नियम लावला आणि सगळ्यांना दाखवण्यासाठी मुद्दाम कुसाबाईंची नोंद काढायला गेले. डेटाबेसने नकार दिला. यांच्या नावावर साड्या आहेत, नोंद काढता येणार नाही, असा त्याचा अर्थ आहे हे मी सांगितलं. बायडाबाई म्हणाल्या, "बरं झालं. कुनीतरी नाय म्हनलं."

पायलवहिनी पुरी करताहेत त्या साडीचाही प्रश्न होता. जुन्या यादीत एका साडीला एकच विणकर लिहिता यायचा. आता साडी आणि विणकर यांच्या जोड्यांची तिसरी यादी केली आहे. त्या साडीवर दोघींची नावं येतील.

कै.चा रकाना वेगळा ठेवला. यादीत कुसाबाईंच्या नावाआधी ते दिसतं, आत्याचं समाधान झालं. कार्डावर छापायचं का, यावर खूप वाद झाला. केरूभाऊ म्हणाले की नियमाने छापायला पाहिजे. बाकीच्या म्हणाल्या, लग्नाच्या साडीबरोबर कै. लिहिलेलं कार्ड कोण नेईल? मला दोन्ही पटेना. मग आईच्या डाळिंबी साडीचं कार्ड आठवलं. ते माझ्या बॅगेत आहे, तुम्ही कपाट आवरलंत त्याच्या आधी मी काढून घेतलं होतं. त्यावर कुसाबाईंचं नाव आहे आणि साडी पुरी झाल्याची तारीख आहे. मी मीटिंगमध्ये म्हटलं, कार्ड साडीचं आहे. साडी विणली तेव्हा त्या होत्या. मग नाव तसंच राहील, कै.शिवाय. ते सगळ्यांना पटलं.

देवळाली कॅम्पच्या बाईंना फोन केला होता. त्या परत आल्या, मोरपंखी साडी कार्डासकट घेऊन गेल्या.

पाटीबद्दल तुम्ही आत्याला लिहिलंत, मला नाही. माझाही राग आहे आणि तो अजून गेलेला नाही. पण फिल्टरवाल्याचं मला माहीत नव्हतं. मला कधी दार उघडावं लागलं नाही. माझंही चुकलं असेल.

जुनी पाटी तुम्ही जपून ठेवली असेलच. "पुजा" ह्रस्व लिहिलेली. आई त्यावरून पाटीवाल्याशी भांडली नव्हती, म्हणाली होती, "असू दे, पोस्टमन शुद्धलेखन तपासत नाही." ती पाटी परत लावा. मग मी येईन.

वेदिका


नाशिक
४ जानेवारी २०२६

चि. वेदिका,

जुनी पाटी माझ्याकडे नाही.

काढली त्याच दिवशी सकाळी घंटागाडी आली होती. कचऱ्याबरोबर दिली. कर्मचाऱ्याने पाटी हातात घेऊन विचारलं, "साहेब, लाकूड चांगलं आहे, नक्की टाकायची?" मी हो म्हणालो. आता विचारून काही उपयोग नाही हे माहीत असूनही मी गेल्या आठवड्यात त्या गाडीसाठी खाली जाऊन थांबलो होतो. गाडीवर आता दुसराच माणूस आहे.

तुझं पत्र घेऊन पाटीवाल्याकडे गेलो. माझ्या मोबाइलमध्ये दारासमोर काढलेला तुझ्या दहावीचा फोटो आहे, त्यात पाटी दिसते. तो म्हणाला, "अगदी अशीच करून देतो. थोडी घासून, जुनी दिसेल अशी. घरच्यांना कळणार नाही." मी लगेच नाही म्हणालो नाही, हे तुला सांगितलं पाहिजे. दुकानाबाहेर जाऊन चहा घेतला. तू येशील, दारात उभी राहशील, तुझ्या लक्षात येणार नाही, असं सगळं मनात येऊन गेलं. परत आत गेलो तर तो फोटो मोठा करून बघत होता. म्हणाला, "यात पु ह्रस्व पडलाय. चूकही तशीच ठेवू का?"

मी म्हणालो, नको. ती चूक तुझ्या आईदेखत झाली होती आणि तिने ती ठेवली होती. मी करवून घेतली तर ती खोटी होईल. नवीनच कर म्हणालो, नवीन दिसेल अशी, दीर्घ पू घालून. तिन्ही नावं.

मग त्याने नेहमीसारखं विचारलं, "मॅडमना दाखवायला कच्चं डिझाइन मोबाइलवर पाठवू का?" मी सांगितलं की त्या गेल्या. तो ओशाळला. मी या वेळी "असू दे" म्हणालो नाही. जरा वेळाने त्याने विचारलं, "मग नावाआधी कै. लावू?" मी म्हणालो, "लावू नका. घर घेतलं तेव्हा ती होती."

हे वाक्य तुझं आहे. न विचारता वापरलं.

तू अट घातली होतीस, ती मला पुरी करता येत नाही. ऑफिसात मी सगळ्यांना सांगत असतो की काही काढण्याआधी बॅकअप घ्या. घरी घेतला नाही. तुला यावंसं वाटलं नाही तर ते मला समजेल. नवीन पाटी तयार होऊन घरात आहे, अजून लावलेली नाही. तुझं मार्कशीटचं पत्र खणात आहे.

बाबा


येवला
९ जानेवारी २०२६

बाबा,

पत्र वाचून मी खूप रडले. घंटागाडीचं मला कधीतरी कळलंच असतं. तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं, एवढाच फरक आहे आणि तो मला पुरेसा आहे की नाही, हे अजून माहीत नाही.

दीर्घ पू बघायची सवय करावी लागेल. आईला चाललं असतं. तिने तुम्हाला मात्र चिडवलं असतं.

पुढच्या शनिवारच्या एसटीने येते. राहणार किती ते आल्यावर ठरवीन, आत्याकडचं काम अजून संपलेलं नाही. पायलवहिनींची साडी पुरी झाली. दोन नावांचं पहिलं कार्ड दाखवायला आणते आहे.

पाटी तुम्ही एकटे लावू नका. तुम्ही लावलेली वाकडी लागते, मग आई स्टुलावर चढून सरळ करायची. मी येईपर्यंत थांबा. मी लांबून बघेन आणि सांगेन.

वेदिका